भर व्याख्यानातून उठणारे केरबानाना

वक्त्यानं हात वर केला, आवाज चढवला, आता काहीतरी जबरदस्त येणार असं वाटलं, की पहिल्या रांगेतून केरबानाना उठायचे. धोतराचा सोगा सावरत, कुणाच्या मांडीवर पाय देत, "आलोच, आलोच" करत सरळ दाराबाहेर. थोड्या वेळानं धापा टाकत परत, पुन्हा त्याच मांड्या तुडवत जागेवर. बूड टेकतंय न टेकतंय तोच पुन्हा "आलोच". मी व्याख्यानमालेचा चिटणीस. माझं डोकं किती फिरत असेल, तुम्हीच सांगा.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. भोरच्या शाळेत मी मास्तर होतो. उन्हाळ्याच्या सुटीत शाळेच्या मोठ्या दालनात आम्ही रोज संध्याकाळी उन्हं कलल्यावर व्याख्यानं ठेवायचो. वक्ते पुण्याहून सर्व्हिस मोटारीनं धूळ खात यायचे. इथं उतरले की आधी अंघोळीचं पाणी, मग चहा, मग ज्ञान. श्रोते म्हणजे वकील, कारकून, पेन्शनर आणि त्यांच्यात एकटे केरबानाना घोंगडीवाले. मूळचे वरव्याचे, शेतकरी घरातले. शाळेच्या पलीकडच्या गल्लीत त्यांचं दुकान आणि दुकानामागंच घर. वेल्ह्याकडचे धनगर त्यांच्याकडं घोंगड्या आणून टाकायचे. शिक्षण बेताचंच, पण या माणसानं एक व्याख्यान चुकवलं नाही आणि एक पुरतं ऐकलं नाही. जागा मात्र पहिल्या रांगेतलीच हवी. दाराजवळ बसा म्हटलं तर म्हणायचे, तितं बसलं की निम्मं वाऱ्यावर जातं.

गावानं आपापल्या परीनं निदान केलं होतं. बहुमत लघवीच्या विकाराकडं होतं. वैद्यबुवांनी तर न मागता काढा पाठवला आणि नानांनी तो मुकाट्यानं घेतलाही. एकदा पुण्याचे एक प्राध्यापक बोलता बोलता थांबले आणि दुखावल्या आवाजात म्हणाले, माझं काही चुकलं का? नाना दारातून वळले.

"न्हाई वो. तुमी चालू द्या. एवढं टाकून येतो."

काय टाकून येणार, ते कुणालाच कळलं नाही. वैद्यबुवांनी मात्र समाधानानं मान हलवली.

त्या वर्षी शेवटच्या दिवशी गाणं ठेवलं होतं. गवईबुवा नावाजलेले, आणि तितकेच तापट. मैफलीत कुणी उठलं की तंबोरा खाली ठेवून चालते व्हायचे, अशी ख्याती. आमचे अध्यक्ष रावसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "तो घोंगडीवाला गाण्यातून उठला, तर पुन्हा त्याला या दारातून आत घ्यायचं नाही. कायमचं. सांगून ठेवा."

सांगायचं काम अर्थात माझ्याच गळ्यात. गाण्याच्या आदल्या दिवशी ग्रहताऱ्यांवर व्याख्यान होतं. नाना उठले तसा मीही उठलो. म्हटलं, आज या माणसाचा सोक्षमोक्ष लावतोच. ते पुढं, मी मागं. गल्ली ओलांडून ते घरात शिरले, तसा मी दाराशी थांबलो.

आत खाटेवर त्यांच्या पत्नी, नानी, पडून होत्या. जिन्यावरून पडल्यापासून कमरेखाली जीव नाही हे गावाला ठाऊक होतं, मलाही होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि दिसणं वेगळं. नाना खाटेशी उकिडवे बसून घाईघाईनं सांगत होते.

"शनीला कडी हायती. हातातल्या कड्यावानी. ल्हान न्हाई, लई मोटी. आपली अक्की पृथ्वी आत बसंल."

"कशाची?" नानींनी विचारलं.

नाना गडबडले. "त्ये इचारून येतो," म्हणाले आणि वळले ते सरळ माझ्या अंगावर.

माझा राग कुठल्या कुठं गेला. नानांनी मला गल्लीत ओढलं आणि चोरी पकडली गेल्यासारखं हळू आवाजात सगळं सांगितलं. नानींना पहिल्यापासून कथाकीर्तनाचा, भाषणांचा भारी नाद. आता जाता येत नाही. उचलून नेऊ म्हटलं तर म्हणतात, चौघांनी उचलायचं ते एकदाच, तवा न्या. मग नानाच व्याख्यान घरी आणू लागले. "पर माजं डोकं गळकं, मास्तर. समदं ऐकून निघालो तर घरला येस्तवर निम्मं सांडतंय. म्हून थोडं थोडं आनतो."

मी त्यांना रावसाहेबांचा निरोप सांगितला. त्यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. त्यांना घोर वेगळाच होता.

"बोलनं आनता येतंय वो. गानं कसं आनू? गेला म्हयनाभर गान्याचंच बोलतीया ती."

गाण्याची बैठक शाळेच्या मैदानात, त्यांच्या घराकडं तोंड करून घ्या, असं त्यांनी रावसाहेबांना आधीच विनवलं होतं म्हणे. उघड्यावर गवयाचा घसा बसेल म्हणून रावसाहेबांनी ते उडवून लावलं होतं. मी म्हणालो, "नाना, गल्लीकडच्या खिडक्या मी सताड उघडतो. नानींना घरबसल्या ऐकू येईल. तुम्ही फक्त गप बसून राहा."

"येईल ऐकू?"

"येईल," मी ठोकून दिलं. मास्तरकीची सवय, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली, तंबोरे जुळले. फुकटे श्रोते खिडक्यांना लोंबकळतात म्हणून त्या कायम बंद असायच्या. मी एकेक करून उघडल्या. रावसाहेबांनी डोळे वटारले, ते मी पाहिलेच नाहीत. नाना पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते, हाताची बोटं एकमेकांत घट्ट गुंतवून. गाणं सुरू झालं. आता उठतील, मग उठतील म्हणून लोक बुवांऐवजी त्यांच्याकडंच बघत होते. नाना ढिम्म. हळूहळू त्यांची बोटं सुटली, खांदे उतरले, मान डोलायला लागली. वैद्यबुवा शेजाऱ्याला कोपर मारून म्हणाले, "काढा लागू पडला." त्या माणसाचा चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता.

मला मात्र चैन पडेना. खरंच ऐकू जात असेल ना? बुवा तानेत गुंगलेले पाहून मी मागच्या दारानं सटकलो. गल्लीत पाऊल टाकलं आणि कान दिला. वारा उलटा फिरला होता. घराघरांचे पत्रे खडखडत होते, बाजारात बांधलेली शेरडं ओरडत होती. चार पावलांवर गाणं विरून गेलं. नानींच्या दारात पोचलो तेव्हा तर सुराचा मागमूस नव्हता.

नानी दाराकडं डोळे लावून पडल्या होत्या.

"काहीच येत नाही ऐकू?" मी विचारलं.

"न्हाई बा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणालो, मी नानांना बोलावतो, नाहीतर बुवांना थोडं थांबवून बघतो, काहीतरी करतो.

"हे बसल्याती न्हवं?"

"बसलेत. हललेसुद्धा नाहीत. डोलतायत."

नानी हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"मग बसू द्या. म्या पडल्यापास्नं त्यांनी जेवनसुदिक बसून केल्यालं न्हाई. उटबस, उटबस. कुनी ल्हानमोटं बोललं तरी गिळत्यात. आज कवा न्हाई ते सोतासाटी ऐकत्यात, ऐकू द्या. आन् ह्ये त्यांस्नी सांगू नगा, मास्तर."

मी परत येऊन बसलो. गाणं कसं झालं ते मला विचारू नका, माझं त्यात लक्षच नव्हतं.

बैठक संपताच नानांनी माझा हात धरला आणि जवळजवळ पळतच मला घरी नेलं. उंबऱ्यातूनच त्यांनी विचारलं, "आलं का गं ऐकू?"

"आलं की," नानी म्हणाल्या. "समदं आलं."

नाना खाटेच्या काठावर टेकले. पटक्याच्या शेवानं त्यांनी डोळे पुसले. "मला बी लई ग्वाड लागलं," ते म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांना काहीतरी शंका आली. माझ्याकडं वळून म्हणाले, "मास्तर, तुमी मधी भाईर गेलतासा. हितवर खरंच येत हुतं न्हवं?"

नानींनी माझ्याकडं पाहिलं.

"स्वच्छ येत होतं, नाना," मी म्हणालो. "मी इथं दारातच उभा होतो."