चौकातलं तळं

संग्रहालयाच्या मधल्या दालनात जुन्या गावाची लाकडी प्रतिकृती होती, आणि तिची देखभाल करणाऱ्याला सगळे नगराध्यक्ष म्हणत. गावात घरं बाराशे, माणूस एक, तोही पोटावर. चौकापर्यंत हात पोचवायचा तर गावावर आडवी फळी टाकून पालथं पडावं लागे. सत्तावीस वर्षं तो असा पालथा पडून बारक्या ब्रशनं छपरं झाडत होता. एकदा त्याला शिंक आली तेव्हा अख्ख्या पेठेची कौलं उडाली, असं पहारेकरी शपथेवर सांगतात.

त्या दिवशी प्रतिकृतीचं काय करायचं ते ठरवायला समिती येणार होती. संचालकांना प्रतिकृती तळघरात टाकून दालनात उपाहारगृह काढायचं होतं. टेबलांसाठी मापंसुद्धा घेऊन झाली होती. तळघराच्या भिंती बारा महिने ओल्या. तिथं गाव वर्षभरात कुजलं असतं. नगराध्यक्ष सकाळपासून चौक झाडत होता. तेवढ्यात चष्म्याची उजवी काच निखळली आणि टपकन चौकाच्या मधोमध पडली.

स्क्रू ढिला झालाय, चष्मेवाल्याकडे जा, असं बायको महिनाभर कानीकपाळी ओरडत होती. समिती एकदा होऊन जाऊ दे, हे त्याचं ठरलेलं उत्तर.

काच उचलणार तोच दाराशी पावलं वाजली. समितीनं आपल्याला असं पालथं बघू नये म्हणून तो घाईनं उतरला, फळी भिंतीला टेकवली आणि काच राहिली चौकातच.

समितीत इतिहासाच्या एक वयस्क बाई होत्या. जुन्या गावच्या चौकात तळं होतं, असं त्या तीस वर्षं सांगत होत्या, आणि तीस वर्षं लोक त्यांना हीच प्रतिकृती दाखवून हसत होते. ती घडवणारा सुतार लहानपणी त्याच गावात वाढला होता. त्याला तळं दिसलं नसेल होय? असं लोक विचारत.

बाई कठड्यावर वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग त्यांनी स्वतःचा चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा लावला.

"तळं," त्या शांतपणे म्हणाल्या.

संचालक पुढे झाले. चौकात गोल, नितळ, चकचकीत पाणी. "हे काल नव्हतं."

"काल तुम्ही बघितलं होतंत?"

 नऊ वर्षांत संचालकांनी दालनाची लांबी-रुंदी पाहिली होती, गाव एकदाही नाही.

 खरं काय ते सांगून टाकावं म्हणून नगराध्यक्षानं तोंड उघडलं, पण बाईंनीच आधी विचारलं, "काय हो, हे नवीन आहे का?"

"नाही बाई. बारा वर्षं रोज माझ्या डोळ्यांसमोर आहे," तो म्हणाला. यात एक अक्षर खोटं नव्हतं; चष्मा बारा वर्षांचाच होता.

संचालकांचं डोकं फिरलं. संग्रहालय त्याच जुन्या चौकाच्या कडेला होतं आणि चौकात आता गाड्या लागत. खणूनच बघू, ते म्हणाले. पाणी लागलं तर गाव इथंच राहील, नाही लागलं तर इथं चहा मिळेल. समितीनं मान डोलावली.

खणलं. कमरेइतक्या खड्ड्यात दगडी पायरी लागली, मग दुसरी, आणि सातव्या पायरीला असं पाणी उसळलं की संचालकांची गाडी तरंगत निघाली. ती फाटकापर्यंत गेली की थेट हमरस्त्याला लागली, यावर पहारेकऱ्यांत अजून वाद आहे.

गाव जागेवर राहिलं. नगराध्यक्षाचा सत्कार झाला. एक डोळा मिटून तो व्यासपीठावर चढला. बाईंनी हार घातला आणि हातात एक लांबट डबी ठेवली. आत नवा चष्मा.

"तळ्याखालच्या फरशा मोठ्या दिसत होत्या," त्या हळूच म्हणाल्या. "साडेतीनचा नंबर. माझाही तोच आहे."

"मग तेव्हाच का नाही बोललात, बाई?"

"तीस वर्षं बोललेच की. कुणी फावडं उचललं? तुमच्या काचेनं पाच मिनिटांत उचलायला लावलं. आणि त्या सुतारावर रागावू नका. लाकडाचं पाणी नाही हो करता येत; त्यानं फरशी घातली आणि मोकळा झाला."

नगराध्यक्ष नवा चष्मा लावून तडक दालनात गेला, फळी टाकून पालथा पडला आणि तळं लख्ख पुसलं. चष्मा मात्र या वेळी दोरीनं गळ्यात बांधलेला होता. दोन तळी त्या चौकात मावली नसती.