लतीफचाचांनी टाइप केलेली तक्रार

लतीफचाचा इंग्रजी शब्दाला एकटं कुठं जाऊ देत नसत. तरण्या पोरीला बाजारात धाडताना म्हातारी माणसं विचारतात ना, तसं ते प्रत्येक शब्दाला विचारत, "सोबत कोण?"

दौंडला तहसील कचेरीच्या व्हरांड्यात त्यांचा टाइपरायटर असे. मी जवळच्या राहू गावचा. कुरकुंभच्या कंपन्यांतून रिकामे ड्रम उचलून विकायचा माझा धंदा. सायकलला दोन ड्रम बांधून सुरुवात केली, पुढं टेम्पो घेतला. पण शाळा चौथीतच सुटलेली. त्यामुळे इंग्रजी कागद करायचा म्हटला की चाचांच्या पुढ्यात उकिडवं बसणं आलं. त्यांनी माझं एक टेंडर घालवलं आणि तो राग अजून माझ्या पोटात आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, हा आप्पा त्या म्हाताऱ्याचं कौतुक करायला बसला.

सकाळी कुरकुंभची रात्रपाळी सुटली की पोरं रजेचे अर्ज करायला थेट चाचांकडं येत. डोळे तांबारलेले, हातात डबा.

"चाचा, काल आब्सेंट होतो. तेवढं लिवा."

"अ‍ॅब्सेन्स. सोबत कोण?"

"कोन न्हाई, येकलाच होतो."

"तुझी सोबत नाही रे येड्या, शब्दाची! अ‍ॅब्सेन्स फ्रॉम. फ्रॉम ड्यूटी. आता रिझन. रिझनसंगं फॉर. काय कारण?"

"खरं सांगू का लिवायचं सांगू?"

"लिवायचं सांग. खरं तुझ्या तोंडाच्या वासावरनं कळतंय."

डिमांडला फॉर, इंटरेस्टला इन, डॅमेजला टू. चाचांच्या लेखी ही लग्नं वरूनच लागून आली होती आणि ती मोडायचा अधिकार कलेक्टरलाही नव्हता. एकदा ते भाचीच्या लग्नाला शिरूरला गेले. एसटी स्टँडजवळ बियाण्यांच्या दुकानावर नवा कोरा बोर्ड होता. 'सोल्युशन ऑफ ऑल प्रॉब्लेम्स'. चाचा तिथंच थांबले. सोल्युशनसोबत ऑफ नांदत नाही, तिथं टू लागतो, म्हणून दुकानदाराशी तासभर वाद घातला. शेवटी त्या वैतागलेल्या माणसानं त्यांच्या हातात ब्रश आणि डबा दिला. चाचा लग्नघरी पोचले तेव्हा निकाह उरकला होता, बिर्याणीची भांडी घासायला गेली होती आणि नवऱ्या मुलाच्या बापाला सलाम करणाऱ्या हाताला निळा रंग होता.

"उपाशी आलात की मग," मी म्हटलं.

"बिर्याणी काय, परत शिजंल. बोर्ड धा वर्सं ऱ्हातो शेठ."

मला ते शेठ म्हणत. त्यात मान किती आणि टोमणा किती, याचा हिशोब मला कधी लागला नाही. एकदा मी त्यांना म्हटलं, "चाचा, पानाचे पाच रुपये जास्त होतात. ते ऑफ, टू, इन धरू नका. दोन-दोन अक्षरांचे शब्द, त्यांचे कसले पैसे?"

"शेठ, बूच नसलेला ड्रम घेता का तुम्ही?"

"घेतो की. निम्म्या भावात."

"मग निम्म्या भावाचा अर्ज करून देतो. सायेब वाचायच्या आधी फेकंल."

पाच रुपये दिले. उभ्या आयुष्यात मी भाव पाडल्याशिवाय दिलेली एवढीच रक्कम.

आता ते टेंडर. कुरकुंभच्या एका कंपनीला वर्षाचे सगळे ड्रम एकाच माणसाला द्यायचे होते. बंद पाकीट चारच्या आत गेटवर हवं होतं. तीन वाजता कागद तयार झाला. मी हात पुढं केला, तर चाचा म्हणाले, "थांबा, नजर टाकतो." नजर टाकली आणि चेहरा पडला. टेंडरसोबत फॉर लागतो, तिथं त्यांच्याच हातून ऑफ पडला होता.

"असू द्या हो! ड्रम तेच, भाव तोच!"

"तुमच्यासाठी असंल. माझ्या हातनं असा कागद जायचा न्हाई." असं म्हणून त्यांनी माझ्यादेखत कागद टराटरा फाडला. नवा चढवला, तर रिबन अडकली. मी गेटवर पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. वॉचमननं पाकीट हातात घेतलं नाही. ड्रम दुसऱ्याच व्यापाऱ्याला गेले.

माझं डोकं फिरलं. या माणसाला व्हरांड्यातून उठवायचाच, अशी शपथ घेतली. तक्रार द्यायची तीही इंग्रजीत. मराठी अर्जाला साहेब 'बघू' म्हणतो, इंग्रजी अर्जाला 'बघतो' म्हणतो, हे मी अनुभवानं शिकलो होतो. चाचांकडून तर ती करून घेणं शक्य नव्हतं, म्हणून शिरूरला गेलो. तिथल्या टायपिस्टनं दोन मिनिटांत कागद दिला. चाचांच्या पुढ्यात बसून बसून मला मोडकंतोडकं इंग्रजी वाचता येतं. वर लिहिलं होतं, 'कंप्लेंट ऑफ लतीफ'. मी म्हटलं, "अहो, कंप्लेंटसोबत अगेन्स्ट पाहिजे." तो म्हणाला, "चालतंय हो." आणि मी, चौथी नापास माणूस, तिथं त्याच्याशी कडाकडा भांडलो आणि कागद फाडून बाहेर पडलो. म्हाताऱ्यानं मला कुठल्याच टायपिस्टच्या कामाचा ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी परत दौंड. चाचांसमोर बसलो आणि म्हटलं, "तक्रार लिहायची आहे. तुमच्यावर."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. दोन कागदांमध्ये कार्बन घातला. "कंप्लेंट अगेन्स्ट," म्हणाले आणि टाइप करायला लागले.

"लिहा, हा माणूस हट्टी आहे."

"ऑब्स्टिनेट घालतो."

"जड आहे का?"

"लई जड हाय."

"घाला. आणि याच्यामुळे माझं नुकसान झालं."

"लॉस टू दि अ‍ॅप्लिकंट. डिलेचं एक वेगळं कलम करू. मजबूत व्हतंय." माझ्या दोन कलमांची त्यांनी चार केली. मग विचारलं, "मागणी काय?"

"तुम्हाला इथनं हलवावं."

"रिक्वेस्ट फॉर रिमूव्हल फ्रॉम..." इथं मात्र बोटं जरा थांबली. घरी त्यांचं कुणी नव्हतं. स्टेशनमागची एक खोली आणि संध्याकाळी कापडात गुंडाळून सायकलवर न्यायचं हे मशीन. सकाळी माणसं दिसायची ती या व्हरांड्यातच. मग 'व्हरांडा' शब्द त्यांनी हळूहळू, एकेक अक्षर दाबत पुरा केला.

मला आणखीच राग आला. "एका शब्दापायी एवढं? कशापायी चाचा?"

त्यांनी कार्बन सोडवला. "माझा बाप टांगेवाला. स्टँडावर जागा मिळावी म्हनून कुनाकडनं तरी इंग्रजीत अर्ज लिवून घेतला. हापिसात कारकुनानं तो मोठ्यानं वाचला आन् सगळे हसले. बाप बी हसला. घरी येताना वाटंत भेटंल त्याला सांगत व्हता, सायेब लई खूश झालं. मी शेजारी व्हतो. मला तवा इंग्रजी येत नव्हतं शेठ. पन हसनं कळत व्हतं."

आणि त्यांनी तक्रार माझ्या हातात दिली. "जावा. सायेब जागंवर हायेत."

मी उठलो आणि गेलो. शपथ घेतली होती ना.

आत साहेब मान खाली घालून बसले होते. वीस वर्षं मी त्या कचेरीत येत होतो, दर खेपेला टेबलाच्या या बाजूला उभा. त्यांनी कागद घेतला, वाचायला लागले. दुसऱ्या ओळीला मान वर केली, माझ्या धुळकट धोतराकडं बघितलं आणि समोरची खुर्ची दाखवली. "बसा ना."

मी बसलो. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. "गंभीर आहे. काय करू, बोला."

"काही नको साहेब. चुकून आणला." मी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. ते बघतच राहिले.

बाहेर आलो. चाचांनी नवा कागद चढवला होता, पण गिऱ्हाईक नव्हतं.

"वाचला का पुरता?"

"पुरता."

"हसलं का कोन?"

"न्हाई."

"मग?"

"बसा म्हणाले. खुर्ची दिली."

चाचांनी मान हलवली. मग मशीनकडं वळून ते कागद सरळ करायला लागले. एकदा केला, दुसऱ्यांदा केला, तिसऱ्यांदा केला. कागद सरळच होता.