मठाच्या दोन पेट्या

"गाडीचा नंबर सांगा," फोनवरून ब्रदर लुकास म्हणाले, आणि नॉर्बेरच्या डोक्यातून स्वतःच्या गाडीचा नंबर साफ उडाला.

अकरा दिवस तो मठाचा फोन फिरवत होता. मठातले ब्रदर, म्हणजे तिथले संन्यासी, बियर बनवतात ती मोजकीच, आणि विकतातही आपल्याच तंत्रानं. आधी फोन करायचा, गाडीचा नंबर द्यायचा, मग ठरल्या दिवशी त्याच गाडीला दोन पेट्या. त्यानंतर दोन महिने त्या फोननं आणि त्या गाडीनं मठाचं नाव काढायचं नाही. इकडे नॉर्बेर मुलीच्या साखरपुड्यात अँटवर्पच्या व्याह्यांसमोर छाती पुढे काढून बोलून बसला होता, "आमच्या तीनेकेच्या लग्नात मठाचीच बियर असेल." व्याही नुसतेच हसले होते. ते हसणं त्याला अजून झोंबत होतं, आणि लग्न शनिवारवर आलं होतं.

"नंबर?" ब्रदरनी पुन्हा विचारलं.

नॉर्बेरनं घाबरून खिडकीबाहेर पाहिलं. समोर गाडी उभी होती. तिचा नंबर त्यानं धडाधड वाचून दाखवला.

"मंगळवारी दहा वाजता," असं म्हणून ब्रदरनी फोन ठेवला.

मग त्याच्या ध्यानात आलं की आपली गाडी भिंतीला लागून असते, ती या खिडकीतून दिसतच नाही. दिसते ती शेजारच्या आशिलची.

"आशिलची?" त्याच्या बायकोनं, क्रिस्तानं, कपाळाला हात लावला. "अख्ख्या गावात तुला दुसरी गाडी नाही सापडली?"

"थांब, बदलून घेतो." त्यानं परत फोन लावला. यंत्रातल्या बाईनं सांगितलं, या फोनवरून दोन महिन्यांनी प्रयत्न करावा.

"मग त्याच्या गाडीची नंबराची पाटी काढ आणि आपल्या गाडीला लाव."

"मठाच्या दारात चोरीच्या पाटीनं जाऊ?"

"नाही ना? मग जा, बोल त्याच्याशी."

बोल म्हणे. सहा वर्षांपूर्वी गावच्या जत्रेत नॉर्बेर बियरच्या टेबलावर होता. गर्दीत त्यानं आशिलला मठाची काळी बियर तिच्या रुंद तोंडाच्या पेल्याऐवजी साध्या उभ्या ग्लासात दिली. आशिलचा हॉपचा मळा, बियरला कडवटपणा येतो तो या वेलीच्या फुलांनी, आणि त्याचंच हॉप त्या बियरमध्ये पडतं. सगळ्या गावासमोर तो म्हणाला, "यापेक्षा माझ्या तोंडात मारली असतीस तर चाललं असतं." तेव्हापासून दोघं कुंपणाच्या दोन बाजूंनी एकमेकांना न बघण्यात तरबेज झाले होते. आणि नॉर्बेरला आजही कळत नव्हतं, बियर तीच, तर बिघडलं काय.

त्यानं दार वाजवलं. आशिलनं उघडलं. नॉर्बेरनं खाली मान घालून सगळं सांगितलं आणि शिव्यांची वाट बघत उभा राहिला.

"किती वाजता?" आशिलनं विचारलं.

"दहा."

"बरं. गाडी मीच चालवीन."

नॉर्बेर चक्रावून घरी आला. "हो म्हणाला गं."

"मग चांगलंच झालं की."

"चांगलं कसलं? सहा वर्षं तोंड फिरवलं आणि एका दमात हो? यात काहीतरी काळंबेरं आहे."

मंगळवारी सव्वानऊला आशिलची गाडी चालूच होईना. आशिलनं किल्ली फिरवली, टपावर थाप मारली, तिच्या सात पिढ्या काढल्या. गाडी ढिम्म.

"माझ्या गाडीनं जाऊ," नॉर्बेर म्हणाला.

"तुझी गाडी बघून ब्रदर तुला दारात तरी उभं करतील का? यादीत ही आहे."

शेवटी नॉर्बेरच्या गाडीला दोर बांधून आशिलची गाडी मागे ओढत नेली. हॉपच्या मळ्यांमधून ही वरात निघाली, मागे ट्रॅक्टर खोळंबले. दहाला पाच कमी असताना दोघं मठाच्या फाटकाशी पोचले.

ब्रदर लुकास यादी घेऊन आले. त्यांनी पुढच्या, म्हणजे नॉर्बेरच्या गाडीचा नंबर पाहिला आणि यादीवर बोट फिरवलं.

"तुमचं गुरुवारी आहे."

"नाही ब्रदर, माझं आज. मागच्या गाडीच्या नंबरवर."

"मागच्या गाडीचं आज आहेच. पण या गाडीचं गुरुवारी आहे."

"या गाडीचं मी काहीच सांगितलेलं नाही."

"हा नंबर तुमचाच ना?"

"नंबर माझाच."

"मग गुरुवारी या," ब्रदर शांतपणे म्हणाले.

नॉर्बेरला वाटलं, आपल्याला वेड तरी लागलंय किंवा ब्रदरना तरी. त्यानं मागे पाहिलं. आशिल स्टिअरिंग धरून आभाळाकडे बघत होता.

पेट्या आशिलच्या बंद पडलेल्या गाडीच्या डिकीत चढल्या आणि वरात परत फिरली. अर्ध्या वाटेवर नॉर्बेरनं गाडी थांबवली आणि मागे चालत गेला.

"खरं सांग. माझा नंबर तू दिलास?"

"माझ्या खिडकीतून तुझीच दिसते," आशिल पुटपुटला. "त्यांनी एकदम विचारलं, मी गांगरलो. दोनदा कुंपणापर्यंत आलो होतो गाडी मागायला. पाय पुढे पडेना. मग तूच आलास."

"आणि तुला कशाला हव्यात पेट्या?"

"तीनेकेच्या लग्नाला. तुझी बढाई गावभर झाली होती, आणि तुला फोन लागायचा नाही याची मला खात्री होती."

नॉर्बेर रागवायला निघाला होता, पण कशावर रागवावं तेच त्याला सुचेना. "तुला बोलावलं कोणी?"

"कोणी नाही. पेट्या पाठवून मी घरी बसणार होतो. बाप्तिस्म्याला तिला हातात मी धरलं होतं, धर्मपिता म्हणून. तुझं-माझं काय ते वेगळं, त्यात पोरीचा काय दोष?"

नॉर्बेर दोराच्या गाठीशी वाकला. गाठ घट्ट होती, तरी त्यानं ती सोडून पुन्हा बांधली.

"गुरुवारी सव्वानऊला निघू," तो शेवटी म्हणाला. "आणि शनिवारी अकराला."

"शनिवारी कुठे?"

"गाडी दुरुस्त करून घे," नॉर्बेर आपल्या गाडीकडे जात म्हणाला. "तुझ्या गाडीला दोर बांधून पोरीला चर्चमध्ये न्यायची माझी तयारी नाही."