‘ओके’चा मूळपुरुष

“सध्या कुठल्या शब्दावर बसला आहात?” सासरेबुवांनी जेवता जेवता विचारलं.

जावई शब्दकोशाच्या कार्यालयात उपसंपादक होता. इंग्रजी शब्दांना मराठी अर्थ लावायचे आणि शब्द मुळात आला कुठून ते खणून काढायचं, हे त्याचं काम. सासरेबुवांची उभी हयात लाकडाच्या वखारीत मापारी म्हणून गेली होती. फळी ठोकून बघायची, मापायची आणि पसंत पडली तर तिच्यावर खडूने खूण करायची. अशा माणसाच्या पदरात दिवसभर खुर्चीत बसून शब्द उकरणारा जावई पडावा, हा त्यांना नशिबाचा खोडसाळपणा वाटे. सासूबाई गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले त्याला बरीच वर्षं झाली होती, पण जावयाला त्यांनी नात्याने अशी हाक कधी मारली नव्हती. सगळं ‘अहो’वर भागायचं.

“ओके,” जावई म्हणाला.

“ओके काय? विचारलं त्याचं उत्तर द्या.”

“तेच उत्तर आहे. सध्या ‘ओके’ या शब्दावर काम चाललंय. महिना होत आला.”

“महिना!” सासरेबुवांनी लेकीकडे पाहिलं. “दोन अक्षरांना महिना लागतो. आम्ही महिन्यात अख्खं जंगल मोजून मोकळे व्हायचो.”

“तेवढं सोपं नाही ते,” जावई नेटाने म्हणाला. “माणूस ओके म्हणतो तेव्हा कधी ‘हो’ म्हणत असतो, कधी नुसतं ‘ऐकलं’. सिनेमा ओके होता म्हणजे पैसे वसूल झाले नाहीत. साहेबाने कागद ओके केला म्हणजे मंजूर. कोणी ‘ओके, ओके’ असं दोनदा म्हणालं तर त्याचा अर्थ ‘आता पुरे करा’. आणि तुमची लेक ओके म्हणून आत निघून जाते, त्याचा अर्थ अजून कुठल्याच कोशाला सापडलेला नाही.”

“आत्ता दाखवू का जाऊन?” बायको म्हणाली.

“अर्थ राहू द्या,” सासरेबुवा म्हणाले. “आला कुठून तो, ते सांगा.”

खरं मूळ जावयाला तोंडपाठ होतं. पावणेदोनशे-एक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या काही वर्तमानपत्रवाल्यांना एक चाळा लागला होता. साधे शब्द मुद्दाम अशुद्ध लिहायचे आणि त्यांची आद्याक्षरं छापून हसायचं. ‘ऑल करेक्ट’, म्हणजे सगळं बरोबर, हे त्यांनी ए आणि सीऐवजी ओ आणि के घालून असंच वेडंवाकडं लिहिलं आणि त्याचं ‘ओके’ केलं. बाकीचे विनोद मेले, हा जगला. पण हे सांगितलं असतं तर सासरेबुवा काय म्हणाले असते, तेही जावयाला तोंडपाठ होतं. ‘म्हणजे टवाळांची टवाळी शोधायचा पगार घेता!’ त्याला त्या रविवारी हे ऐकायचं नव्हतं.

“लाकडाच्या वखारीतून,” तो म्हणाला.

सासरेबुवांचा घास हातातच राहिला.

“एक मापारी होता,” जावई पुढे म्हणाला. पहिलं वाक्य गेल्यावर दुसरं आपसूक येतं. “नजर इतकी पक्की की त्याने पसंत केलेली फळी कधी फाटायची नाही. पसंत फळीवर तो आपल्या नावाची दोन अक्षरं लिहायचा. ओ आणि के. मग गिऱ्हाइकं विचारायला लागली, माल ओके आहे ना?”

“कशाने लिहायचा?”

“खडूने.”

सासरेबुवांनी हातातला घास ताटात ठेवला. मग त्यांनी लेकीला हाक मारली. “अगं, जावईबापूंच्या ताटाकडे बघ जरा. काही वाढशील की नाही?”

जावयाला लाज वाटली. पण लाजेपेक्षा आनंद मोठा होता, हेही खरं.

दुसऱ्या दिवसापासून सासरेबुवा बागेत नेहमीपेक्षा लवकर जाऊ लागले. बागेत पेन्शनरांचा एक बाक होता. मापाऱ्याची गोष्ट त्या बाकावर चढली आणि अंगाने भरू लागली. आधी मापारी डावखुरा झाला. मग त्याने राजाच्या जहाजासाठी आणलेल्या फळ्या भर दरबारात नापास केल्या. आठवडा सरायच्या आत जावयाला ही गोष्ट न्हाव्याकडे ऐकायला मिळाली. आपलंच लेकरू त्याला नीट ओळखू आलं नाही.

“आता खरं सांगून टाकतो,” तो स्वयंपाकघरात बायकोला म्हणाला.

“अजिबात नाही. बाबा काल आरशासमोर उभं राहून शीळ घालत होते. आईच्या मागे पहिल्यांदा. तुम्ही तोंड उघडलंत तर बघा.”

गोष्ट इथेच राहिली असती, पण त्याच बाकावर तारमास्तर बसत. त्यांचा जन्म तारखात्यात तारा ठोकण्यात गेला होता. ओके हा शब्द तारखात्यातून निघाला, निरोप पोचला की दुसऱ्या टोकाचा माणूस ओके ठोकायचा, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. दोन दिवस वाद झाला, तिसऱ्या दिवशी बाकाचे दोन बाक झाले. काहीजण मापाऱ्याचे, काहीजण तारेचे. बेकरीवाले काका म्हणत की हा शब्द पावाच्या शिक्क्यावरून आलाय. ते एकटेच गवतावर बसू लागले.

“माझा जावई कोशात आहे!” सासरेबुवांनी शेवटचं अस्त्र काढलं.

“जावई सासऱ्याच्याच बाजूने बोलणार,” तारमास्तर म्हणाले. “हिंमत असेल तर त्याच्या वरच्या माणसाला आणा.”

ते आव्हान सासरेबुवांनी घरी सांगितलं नाही. इस्त्रीचा शर्ट घालून ते थेट कोशाच्या कार्यालयात गेले. जावयाने मान वर केली तेव्हा सासरेबुवा संपादकबाईंच्या खोलीतून हात जोडत बाहेर येत होते आणि बाई चक्क हसत होत्या. या बाई पुराव्याशिवाय ‘आज उकडतंय’ असंसुद्धा म्हणत नसत. एका सहकाऱ्याने शब्दाच्या मुळाविषयी नुसता अंदाज छापायला पाठवला होता. तेव्हापासून तो तळघरात न खपलेल्या प्रती झटकत होता.

“रविवारी बागेत येतायत बाई, ओकेचं मूळ सांगायला,” सासरेबुवा जाता जाता त्याच्या कानात म्हणाले. “मापाऱ्याचं काही बोललो नाही. म्हटलं, त्यांच्याच तोंडून येऊ दे.”

रविवारी बागेत दोन्ही बाक पुन्हा जोडले गेले. बेकरीवाले गवतावरून उठून आले. बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी वर्तमानपत्रवाल्यांची ती हकिकत स्वच्छ शब्दांत सांगितली.

“म्हणजे अशुद्धलेखन?” तारमास्तरांनी विचारलं.

“मुद्दाम केलेलं.”

“सगळं जग उठता बसता जे बोलतं, ती कोणा टवाळाची चूक?”

“असं कसं होईल?” सासरेबुवा तारमास्तरांच्या शेजारी सरकले. आठवड्याभरात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं. “बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, पण यात तुमची गफलत होतेय. तो मापारी होता.”

“कोण मापारी?”

सासरेबुवांनी डावखुऱ्या मापाऱ्यापासून राजाच्या जहाजापर्यंत सगळं सांगितलं. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. “पुरावा?”

“पुरावा हा काय उभा आहे,” सासरेबुवांनी जावयाकडे बोट केलं.

सगळ्या माना वळल्या. सासरेबुवांच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की जावयाला तिकडे बघवेना, आणि बाईंकडे बघायची छाती होईना. त्याने गवताकडे पाहिलं.

“बाई म्हणतात ते खरं आहे,” तो म्हणाला. “मापारी वगैरे कोणी नव्हता. ती गोष्ट मी रचली. माझी चूक झाली.”

“उद्या माझ्या खोलीत या,” बाई म्हणाल्या आणि पर्स उचलून निघून गेल्या.

सासरेबुवा उठून चालू लागले. घरापर्यंत ते पुढे आणि जावई मागे. संपलं सगळं, जावयाच्या मनात येत होतं. जेमतेम आठवड्याचा जावईबापू, पुन्हा जन्मभराचा ‘अहो’. नोकरीचं काय होईल याचा विचारसुद्धा त्याला सुचला नाही.

घरात शिरल्यावर सासरेबुवांनी दार लावून घेतलं. लेक काहीतरी विचारणार होती, तिला त्यांनी हातानेच थांबवलं.

“त्या बाई तुम्हाला कामावरून काढू शकतात?”

“शकतात.”

“तरीच.” सासरेबुवा खुर्चीत बसले. त्यांचा आवाज अगदी मऊ झाला होता. “वखारीत आमचाही असाच मालक होता. ओल्या लाकडाला सुकं म्हणायला लावायचा. मीही म्हटलंय. ही तेव्हा लहान होती, करतो काय? पोटासाठी माणसाला खोटं बोलावं लागतं, जावईबापू. मी नाही तुमच्यावर रागावलो.”

“बाबा, नाही हो. मी तिथे बोललो ते खरंच—”

“आता इथे कोण आहे बाई? आपण घरातली तिघं. इथे तरी मनावर दगड ठेवून बोलू नका.”

जावयाने बायकोकडे पाहिलं. ती बापाच्या खुर्चीमागे उभी राहून ‘हो म्हणा’ अशी जोरजोरात मान हलवत होती.

“मापारीच होता,” तो म्हणाला.

सासरेबुवांनी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“बघा,” ते म्हणाले, “खरं बोललं की माणसाला कसं हलकं वाटतं.”

आणि जावयाला खरोखरच हलकं वाटलं.