मुकादमाचे माप

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला मुकादमाने मागच्या दाराशी बसून आवाज दिला, म्हणून मास्तरांची आई खुर्चीतून उठली, दारापर्यंत गेली, तिने लॅच फिरवला, मुकादमाला अंगणात सोडले आणि परत येताना ती पायपुसण्यावरून घसरली. पडली नाही. पडद्याला धरून ती धान्याच्या पोत्यावर अलगद बसली आणि तिथेच चार-पाच मिनिटे हसत राहिली. पडदा मात्र दांडीसकट खाली आला.

घडले ते एवढेच. पण दुपारी लेकीचा फोन आला तेव्हा आईने ही हकिकत गंमत म्हणून सांगितली आणि लेकीला ती गंमत वाटली नाही.

लेक, म्हणजे ताई, मास्तरांहून सहा वर्षांनी मोठी. कचेरीत चाळीस माणसांच्या रजा मंजूर करायचे काम तिच्याकडे होते आणि घरच्यांशीही ती साधारण त्याच आवाजात बोलत असे. आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन होऊन वर्ष झाले नाही, डॉक्टरांनी उगाच ऊठबस करू नका म्हणून बजावले आहे, आणि ही बाई एका बोक्याची दारवान होऊन बसली आहे, असे तिचे म्हणणे पडले. मग तिने फोन भावाला द्यायला सांगितला.

"रविवारी येते मी. तोवर त्या बोक्याची काहीतरी सोय कर. नाहीतर आईला मी घेऊन जाणार."

ताई सहाव्या मजल्यावर एकटी राहत होती. ऑपरेशननंतर आई महिनाभर तिकडे राहून आली होती. त्या महिन्याबद्दल ती कधी तक्रारीने बोलली नव्हती. त्या दिवशी जेवताना मात्र ती ताटाकडे बघत म्हणाली, "तिच्याकडे खिडकी मोठी आहे. पण तिच्यातून दुसऱ्यांच्या खिडक्याच दिसतात." मास्तर पुढचा घास घेता घेता थांबले. आईला जायचे नव्हते, हे सांगायची तिची पद्धत त्यांना ठाऊक होती.

मुकादमाला हाकलून देणे हा उपाय नव्हता. तीन वर्षांपूर्वी तो पिवळा, दांडगा बोका आपणहून अंगणात आला, आईने काढलेल्या भाजीच्या वाफ्यांवरून एकदा फिरून आला आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कामावर देखरेख करत होता. बाहेर असला की त्याला आत यायचे असे, आत असला की बाहेर जायचे असे. मास्तरांची बायको इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरीला, मास्तर दिवसभर शिलाईच्या दुकानात. दार उघडायला आईच.

उपाय बायकोनेच काढला. मांजरांसाठी दाराला बसवायच्या छोट्या झडपा मिळतात, डोक्याने ढकलले की उघडतात, एक आणून टाका, म्हणाली.

बुधवारी मास्तर पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने तीन झडपा मांडल्या. एक साधी पांढऱ्या प्लॅस्टिकची. दुसरी लोहचुंबकाची, त्यासाठी मांजराच्या गळ्यात पट्टा हवा. तिसरीला मांजर ओळखता येत होते. मास्तरांनी पहिली उचलली, उलटी केली, कडेवरून अंगठा फिरवला आणि साइज विचारली. दुकानदार म्हणाला, मीडियम, सगळ्यांना बसते.

मास्तर अठ्ठावीस वर्षे माणसांची मापे घेऊन कपडे शिवत होते. सगळ्यांना बसते, हे वाक्य त्यांच्यासमोर आजवर कोणी उच्चारले नव्हते. त्यांनी झडप होती तशी खाली ठेवली आणि ते घरी आले.

"रेडीमेड आहे," त्यांनी बायकोला सांगितले. "अंगाला बसणार नाही."

"अहो, ती अंगात घालायची नाहीये. तिच्यातून पलीकडे जायचंय."

पण मास्तरांनी टेप काढली होती. आईने दुधाची वाटी पुढे धरली आणि मुकादम दूध पीत असताना मास्तरांनी त्याचे माप घेतले. चष्म्यावरून बघत, कोणाही गिऱ्हाइकाचे घ्यावे तसे. छाती सतरा. पोट अठरा. मग हाताला सवय म्हणून गळा आणि पुढच्या पायाची बाहीही घेतली. मापांच्या वहीत एका वकिलांच्या कोटाखाली 'मुकादम' अशी नोंद झाली. अठरात दोन इंच ढिलाई धरली, कारण थंडीत तो अंग धरायचा. एकूण वीस. सुतारासाठी त्यांनी चिठ्ठी लिहिली: 'मागचे दार. खालून चार इंच सोडून गोल. वीस इंच.'

सुतार गुरुवारी येणार होता, तो शनिवारी आला. मास्तर दुकानात होते, बायको कामावर होती, मुकादम करवत पाहून कपाटावर चढला होता. सुताराचा एक बाणा होता: माप हातात आले की तो प्रश्न विचारत नसे. त्याने दारावर खिळा ठोकला, खिळ्याला दहा इंच दोरी बांधली, दोरीला पेन्सिल बांधली आणि वर्तुळ काढले. खुर्चीत बसलेल्या आईने मान तिरकी करून पाहिले.

"जरा मोठं वाटतंय का हो?"

सुताराने चिठ्ठी तिच्यासमोर धरली. "आजी, मास्तरांचं माप आहे."

आईने मान सरळ केली. त्या घरात मास्तरांबद्दल पुष्कळ शंका घेतल्या जात, कपडे कधी तयार होणार ही तर रोजच. पण मापाबद्दल कोणी शंका घेतली नव्हती. सुताराने तासाभरात भोक पाडले, कडा घासून गुळगुळीत केल्या, भुसा झाडला आणि तो गेला.

पाच वाजता मास्तर घरी आले तेव्हा बंद दारातून त्यांना कपडे वाळत घालायची दोरी, बादली आणि शेजाऱ्यांच्या भिंतीचा बराचसा भाग दिसला. शेजाऱ्यांचा कुत्रा त्यांच्या शिलाई मशिनीखाली झोपला होता. मुकादम अजून कपाटावरच होता आणि एकंदर कामाबद्दल त्याचे मत चांगले दिसत नव्हते.

सुताराला बोलावणे गेले. तो स्वतःची टेप घेऊनच आला.

"वीस म्हणजे वीस, मास्तर. मोजून घ्या."

"अहो, तो घेर आहे. पोटाचा घेर."

"भोकाला घेर कोण लिहितं? भोक आडवं मोजतात."

"माणसाची छाती आडवी मोजतात का कधी?"

"माणूस कसा मोजतात मला काय माहीत. मी दारं करतो."

"पण एवढा बोका असतो का कुठे?"

"बोका मी पाहिलाच नाही. तो कपाटावर. म्हटलं, मास्तरांनी माप घेतलंय, असेल दांडगा."

आपापल्या धंद्याच्या हिशेबाने दोघेही बरोबर होते, त्यामुळे भांडण पुढे सरकेना. कापलेली गोल फळी परत बसवावी, तर ती काढताना सुताराने तिचे चार तुकडे केले होते. प्लायवूडचे दुकान सोमवारी उघडणार होते. ताई रविवारी अकराला येणार होती. शेवटी सुताराने एक खाट उभी करून भोकाला टेकवली आणि रजा घेतली.

रविवारी सकाळी मास्तर मशिनीवर बसले. त्यांनी जाड कॅनव्हासचे दोन पदर घेतले, कॉलरला घालतात ते बकरम मध्ये भरले आणि भोकाएवढे गोल झाकण शिवले. मधोमध मुकादमाच्या मापाचे, घेराने बरोबर वीस इंचाचे, दुसरे भोक आणि त्यावर झडप. झडप जागेवर पडावी म्हणून तिच्या काठात पडद्याच्या जुन्या कड्या ओवल्या. दारावर भोकाच्या कडेने चोवीस कोटाची बटणे पक्की केली आणि झाकणाला चोवीस काजे. दहा वाजता ते बटणे लावून मोकळे झाले. बायको कामावर जायला निघाली होती, ती चप्पल पायात घालता घालता थांबली.

"वेळेच्या आधी," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा."

ताई अकराला आली. बरोबर चाकांची मोठी बॅग होती आणि ती ज्या सहजतेने घरंगळत आली त्यावरून रिकामी होती. ताईने सवयीने पुढच्या दाराला आतून कडी घातली, आईचा गुडघा दाबून पाहिला आणि मग मागच्या दारासमोर येऊन उभी राहिली.

"हे दार आहे की शर्ट?"

मास्तरांनी रचना समजावून सांगितली. ताई म्हणाली, चालवून दाखव. मुकादमाला झडपेसमोर ठेवण्यात आले. त्याने कॅनव्हास हुंगला, एका बटणाला नाक लावले आणि वर लॅचकडे बघून आवाज दिला. आईचे हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले.

"तू बस," ताई म्हणाली.

मास्तरांचे म्हणणे पडले की त्याला एकदा बाहेरून आत यायला शिकवले की जमेल. झडप वर धरली पाहिजे, बस. तेव्हा मुकादमाला काखेत घेऊन दोन्ही भावंडे अंगणात गेली. मास्तर वाकून झडप उचलत होते, एवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. पूर्वी ते दार सोडले तिथे राहायचे. आता त्यातले वीस इंचांचे लाकूड गेल्याने ते हलके झाले होते. ते सावकाश फिरले, चौकटीला लागले आणि लॅच आतून बसला.

पुढच्या दाराला ताईने घातलेली कडी होतीच.

"थांबा, उघडते," आतून आईचा आवाज आला.

"उठायचं नाही!" ताई ओरडली.

मास्तरांनी झडपेतून चाचपडत आतली सहा बटणे काढली, सुटलेल्या बाजूने हात आत घातला आणि वर वळवला. लॅच एक वीत वर राहिला. ते म्हणाले, मीच आत जातो. ताईने पर्स त्यांच्या हातात दिली.

"तू निघालास की पुढच्या रविवारी पोचशील. सरक."

मास्तरांनी तिच्याकडे एकदाच, धंद्याच्या नजरेने पाहिले. बसेल. त्यांनी उरलेली अठरा बटणे काढली.

ताई गुडघ्यांवर आली. डोके गेले, खांदे गेले, मग थोडा विचार करून बाकीचीही गेली. भोकाला कुठे घासले नाही. मास्तर लॅच फिरण्याची वाट पाहत उभे राहिले. लॅच फिरला नाही. त्यांनी वाकून पाहिले. स्वयंपाकघराच्या फरशीवर ताई हातापायांवर तशीच होती, तिचे तळवे अजून उंबऱ्याशी होते.

"लागलं का, ताई?"

"नाही." तिने एक पाय पुढे घेऊन पाहिला. "उठता येत नाहीये."

खुर्ची करकरली. उठू नकोस, असे या वेळी कोणी म्हणाले नाही. भोकातून मास्तरांना फक्त आईची पावले येताना दिसली, मागोमाग फरशीवर ओढत आणलेले खुर्चीचे चार पाय.

"घरी कशाला धरून उठतेस?" आईने विचारले.

"खाली बसतच नाही मी."

"कधीपासून?"

"झाली दोन वर्षं."

"आधी कुशीवर हो. घाई नको. आता बरा पाय पुढे घे. माझ्या अंगावर भार टाकू नकोस, खुर्चीवर हात दे. खुर्ची धरलीय मी."

मास्तरांनी मान फिरवली आणि ते अंगणातल्या बादलीकडे बघत राहिले. काही वेळाने लॅच फिरला. दारात आई उभी होती. मुकादम सर्वांच्या आधी आत गेला.

ताई आईच्या खुर्चीत बसली होती. पाणी पिऊन झाल्यावर, रजेचा अर्ज वाचावा तशा आवाजात तिने सांगितले की तीन महिन्यांपूर्वी ती न्हाणीघरात घसरली होती. लागले नव्हते, फक्त उठता येईना. दीड तासाने नळाला धरून उठली. दुसऱ्या दिवशी कचेरीत गेली.

"आम्हाला नाही सांगितलंस," मास्तर म्हणाले.

"सांगितलं असतं तर आई धावत आली असती. हिला उठायची बंदी."

आईने चाकांच्या बॅगेला पायाने जरासा धक्का देऊन पाहिला.

"रिकामीच आहे ना ही? माझे कपडे काढ कपाटातून," ती मास्तरांना म्हणाली.

"अगं आई, झडप झाली की आता. तुला जायची काय गरज?"

"मला नाही. तिला आहे."

ताईने कशीबशी एक हरकत घेतली, ती नामंजूर झाली. चारच्या गाडीने दोघी गेल्या. टोपलीत मुकादमही गेला. त्याच्यावाचून सकाळी जाग येत नाही, असे आईने कारण दिले. संध्याकाळी बायको घरी आली तेव्हा मास्तर दाराशी बसून शेवटची बटणे लावत होते. झडप आता कोणासाठी, असे तिने विचारले. त्यांनी चोविसावे बटण काजात घातले आणि खाट बाहेर नेऊन ठेवली.

गुरुवारी आईचा फोन आला. ताईच्या गॅलरीचे दार काचेचे आहे, सरकते, जड आहे. मुकादम त्याच्यासमोर बसतो आणि ताई उठून उघडते. मधल्या वेळात आई तिला जमिनीवर बसवते आणि उठवते. मास्तर ऐकत राहिले. मागच्या दारातून वारा येत होता आणि कॅनव्हास हळूहळू फुगत होता.

"मग कधी येतेस?"

"ती खाली बसून आपली आपण उठली, की दुसऱ्या दिवशी निघते."

"जमेल तिला?"

"काल उठली होती," आई म्हणाली. "पण भिंतीला धरून. ते मी मोजत नाही."