कमलबाईंची सही

आमच्या शेजारच्या कमलबाई कशावरच सही करत नाहीत. गॅसची टाकी आली की पावतीवर सही मी करतो. पोस्टमन तर त्यांचं टपाल घेऊन थेट माझ्याच दाराशी येतो. गल्लीत पाणी येईना म्हणून नगरपालिकेला अर्ज द्यायचा ठरला, सगळ्यांनी सह्या ठोकल्या. बाईंनी तो अर्ज उलटसुलट वाचला, त्यातल्या चुका लाल पेनानं दुरुस्त केल्या आणि "विचार करून सांगते" म्हणून परत दिला. नळ त्यांचाही कोरडाच होता. पेन्शन काढताना मात्र बँकेत त्यांची सही ठसठशीत उमटते, हे मी स्वतः पाहिलंय.

बाईंनी सेलूच्या शाळेत जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. एरवी त्या माहेरच्या, बोरी गावाची भाषा बोलतात, पण कायद्याचा विषय निघाला की एकदम पुस्तकात शिरतात. "आपण कायद्यानं चालायचं," हे त्यांचं पालुपद. वांगी विकणाऱ्या बाईलाही त्यांनी वजनमापाचा कायदा ऐकवलाय. ती बिचारी आता मोजायच्या आधीच एक वांगं जास्त टाकते.

या सगळ्याचं मूळ बोरीच्या शेतात आहे. बाईंचे वडील मृत्युपत्र न करताच गेले, आणि सातबाऱ्यावर भावाच्या जोडीला बाईंचंही नाव लागलं. अशा वेळी आमच्याकडची रीत ठरलेली. बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची, भावानं साडी नेसवायची, दोघांनी डोळे पुसायचे आणि कायद्यानं गपगुमान घरी जायचं. भाऊ त्याच हिशेबानं साडी घेऊन आला. बाईंनी साडी घेतली आणि म्हणाल्या, "करते की सही. मी काय पळून चालले का?" तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती. आता ती कॉलेजात जाते.

आधी भाऊ यायचा. त्याचे गुडघे गेल्यावर त्याचा मुलगा विजय मोटारसायकलवर येऊ लागला. हिवाळ्यात हुरडा, मग ज्वारी, मग तुरीची डाळ, आणि सगळ्यांच्या खाली हक्कसोडपत्र. बाई त्याला धपाटे आणि दही वाढायच्या आणि कागद हातात घ्यायच्या. एकदा मोतीबिंदू आडवा आला. ऑपरेशन झाल्यावर, नव्या नजरेला कागदात विहिरीचा उल्लेख दिसला नाही. विहीर लिहून आणली, तर बांधावरची चिंच कुणाची, हा प्रश्न निघाला. विजय पुन्हा कागद करायला जाई, पुन्हा येई.

जाताना तो माझ्याकडे डोकावायचा. "काका, तुमी तरी सांगा की. आमी काय आत्याला उपाशी मारायलाव का? सही न्हाई म्हणून बँक दारात उभं करीना." विजयला आत्याविषयी खरा जिव्हाळा होता. तो आत्याच्या तब्येतीपाशी सुरू होऊन सातबाऱ्यापाशी संपायचा.

दरम्यान बोरीतलं एकही लग्न बाईंना वगळून झालं नाही. मांडवात पहिली खुर्ची बाईंची, पहिला आहेर बाईंना. न झालेल्या सहीला दुखवायची कुणाची छाती नव्हती. परत आल्या की बाई आठवडाभर आमच्या घरी तेच सांगत बसायच्या.

यंदा उन्हाळ्यात विजय आला तो नकाशा घेऊन. मी तेव्हा बाईंकडेच बसलो होतो.

"आत्या, सोडा ते हक्कसोड. तुमचंच खरं. कायद्यानं चालू. सरकारी मोजणी करून आणलीया. रस्त्याकडचा तुकडा तुमचा, विहिरीचं पाणी बी तुमचं. एकदा जिंतूरच्या तहसिलात येऊन वाटणीला हो म्हणा. मंग तुमाला बी तरास न्हाई, आन आमाला बी सारखं यायचं काम न्हाई."

मी मनातल्या मनात पेढे मागवले. बाई जिंकल्या होत्या. आता समान वाट्यावर तासभर व्याख्यान होणार म्हणून मी खुर्चीत नीट सावरून बसलो. बाई फक्त "चहा घे" म्हणाल्या आणि आत गेल्या. विजय शीळ घालत निघून गेला.

संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. नकाशा मांडीवर तसाच होता.

"सुभाष, जमीन घेऊन मी काय करू रे? मला का नांगर धरायचाय? सही केली असती तरी ह्यांचं येणं बंद झालं असतं, आन वाटा घेतला तरी बंदच. अडकून हुतं तेच बरं हुतं. कुणी ना कुणी येत तरी हुतं."

मला फार वाईट वाटलं, आणि ते लपवायला मी उगीच नकाशात डोकं घातलं. बाईंनी चष्मा लावला. एका रेघेवर बोट ठेवलं.

"हितं बांध वाकडा दिसायलाय का रे?"

सरकारी नकाशा होता. रेघ अगदी सरळ होती.

"दिसतोय," मी म्हणालो. "चांगलाच वाकडा आहे."

"मंग लाव विजयला फोन."

मी फोन लावला. मोजणी चुकलीय, हे फोनवर कळायचं नाही, समक्षच यावं लागेल, असं बजावलं. पलीकडून विजयनं कपाळावर हात मारलेला मला ऐकू आला. बाईंनी माझी बाही ओढली.

"आन लेकरांला बी घेऊन ये म्हणावं," त्या हळूच म्हणाल्या, "बांध बघायला."