शामरावाची आणेवारी

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे किशनराव तलाठी कार्टूनची आणेवारी काढायचे.

ज्यांचा महसूल खात्याशी कधी संबंध आला नाही, त्या भाग्यवंतांसाठी सांगतो. शेतात जाऊन पीक कसं आलंय ते बघायचं आणि पूर्वी सोळा आण्यांत, पुढे शंभर पैशांत, त्याला आकडा द्यायचा, म्हणजे आणेवारी. आकडा पन्नास पैशांच्या खाली गेला की दुष्काळ जाहीर आणि सरकारची मदत, वर राहिला की आबादीआबाद आणि मदत नाही. किशनरावांनी सगळी नोकरी ज्वारी-तुरीची आणेवारी काढण्यात घालवली. निवृत्त झाले, लातूरला आमच्या डोक्यावर दोन खोल्या भाड्याने घेऊन एकटेच राहू लागले, आणि ज्वारी-तूर हाताशी नव्हती म्हणून दिसेल त्याची आणेवारी काढू लागले. मंगलच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, वरणाला त्यांनी एकदा सत्तर पैसे दिले होते. माझ्या भाषणाला अठ्ठावीस.

मी डी. एड. कॉलेजात बालमानसशास्त्र शिकवतो. ‘बालक आणि दूरदर्शन’ हे चौथं प्रकरण मी झोपेतसुद्धा शिकवू शकतो, आणि विद्यार्थी ते तशाच अवस्थेत ऐकतात. मुलांना काय दाखवावं, काय दाखवू नये, यावर गल्लीतल्या पालकांनी खरं म्हणजे माझा सल्ला घ्यायला हवा होता. गल्ली माझ्या दारावरून पुढे जायची आणि जिना चढायची.

हे सुरू झालं ते लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात. नळ कोरडे, टँकरची वाट बघायची, दारोदारी निळे ड्रम. ऊन असं की मुलांना बाहेर सोडायची सोय नाही. माझी सात वर्षांची तन्वी दिवसभर टीव्हीसमोर. तिथे एका सामुराईचं कार्टून लागायचं. डोक्यावर गवताची टोपी, कमरेला तलवार, आणि गावोगाव भटकून अन्याय निवारण. एके दिवशी तन्वीने लाकडी फूटपट्टी उपसली, ‘हाऽय्या’ अशी आरोळी ठोकली आणि एका वारात टँकरच्या पाण्याने भरलेली घागर आडवी केली.

त्या साली घागर सांडणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. मंगल पाण्याकडे बघत मटकन खालीच बसली. मग उठून म्हणाली, “आजपासून टीव्ही बंद.” तन्वीने भोकाड पसरलं. मी मध्ये पडून ‘अनुकरणातून होणारे अध्ययन’ समजावू लागलो, तर दोघींनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी फरशी पुसायला घेतली.

तेवढ्यात आवाज ऐकून किशनराव खाली आले. पांढरा लेंगा, बिनबाह्यांचं बनियन, कानावर पेन्सिल.

“पाहणी केली का?” त्यांनी विचारलं.

“कसली?”

“त्या कार्टूनची. पाहणी न करता बंद करायलात? आसं कुठं आसतंय का, सर? आधी बयाजवार पाहणी, मग फैसला.”

बयाजवार म्हणजे नीट, पद्धतशीर. हा त्यांचा लाडका शब्द. भाजीसुद्धा ते बयाजवार निवडायचे.

नवा भाग सकाळी दहाला लागायचा आणि तोच दुपारी चारला पुन्हा. किशनरावांकडे टीव्ही नव्हता. म्हणून ठरलं असं, की दहाला ते आमच्या बैठकीत बसून पाहणी करणार, तोवर तन्वी स्वयंपाकघरात आईजवळ, आणि चारच्या भागाचा निकाल ते देणार. दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना ते लाल कापडात बांधलेली वही घेऊन हजर झाले. त्यांच्या कानाला सामुराई हा शब्द काही झेपला नाही. त्यांनी वहीत लिहिलं, ‘इसम नामे शामराव.’

“हा शामराव पगारी हाय का रोजंदारीवर?”

“त्याला मालक नाही,” मी म्हणालो. “मालक गेल्यामुळे तो असा भटकतो.”

“म्हंजी सस्पेंड झालेला हाय. मंग बरोबर. सस्पेंड माणूसच आसा फिरतो.”

पाहणी चालू असताना बोलायची परवानगी नव्हती. तलवारबाजीचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. बांधावरच्या भांडणात याहून जास्त बघितल्याचं म्हणाले. पण लढाई जिंकून शामराव गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसला, तेव्हा किशनराव अंगावर पाल पडल्यासारखे उठले.

“आंघोळ करायला किती पाणी घेतलंय हे! आन् लेकरं बघायलेत! दहा पैसे कमी.”

निकाल लागला बेचाळीस पैसे. आणि तिथेच आमचा घोटाळा झाला. मी मास्तर. शंभरात बेचाळीस म्हणजे माझ्या हिशेबाने पोरगं पास. पस्तिसाची तर अट. मंगल निलंग्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी. बेचाळीस म्हणजे पन्नासच्या आत, म्हणजे तिच्या माहेरी आनंदाची बातमी. “बरं झालं बाई,” ती म्हणाली. आम्ही दोघांनी एकमताने तन्वीला टीव्ही लावून दिला आणि आपापल्या कामाला लागलो. संध्याकाळपर्यंत तिने उशीचे दोन तुकडे केले.

किशनरावांनी कापूस बघितला आणि कपाळावर हात मारला. “सर, तुमी शिकिवता काय वो कॉलेजात?”

मग त्यांनी तन्वीला समोर बसवलं. मला नाही, तिला. “हे बघ माय. पन्नासच्या खाली गेलं म्हंजी मदत लागती. गावाला सरकारची लागती. कार्टूनला कुणाची?”

“कुणाची?”

“मोठ्या माणसाची. पन्नासच्या खाली आसलं की मोठ्यानं लेकराच्या शेजारी बसायचं. उठायचं न्हाई, मोबाईल बघायचा न्हाई. पन्नासच्या वर आसलं तर एकटं बघायचं. समजलं का बयाजवार?”

तिला समजलं. मला मात्र त्या रात्री प्रकरण चार नव्याने वाचावंसं वाटलं. त्यात बरंच काही होतं. शेजारी बसायचं, एवढं कुठेच नव्हतं.

गल्लीत ही पद्धत फैलावली. साडेदहाला बाया आमच्या दाराशी येऊन विचारायच्या, “आज किती?” किशनराव आतून आकडा सांगायचे. अठ्ठावन्न असला की बाया खूश होऊन पाण्याच्या नंबराला जायच्या. सदतीस असला की कुणाच्या तरी बापाची दुपार जायची. मी तर सबंध मे महिना शेजारी बसून काढला. शामरावाचे सगळे डावपेच मला पाठ झाले. पुढे कॉलेज उघडल्यावर एकदा वर्गात ‘माझे गुरू म्हणतात’ असं म्हणून मी त्याचंच एक वाक्य ठोकून दिलं, आणि मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. माझं वहीत उतरलेलं ते पहिलं वाक्य.

जूनच्या तोंडावर शेवटचा भाग आला. गल्लीतल्या मुलांत कुजबुज होती की यात शामराव मरतो. तन्वी दोन दिवस नीट जेवली नव्हती. मरत असेल तर बघायचा नाही, असं मंगलचं म्हणणं. मरत असला तरी बघायचाच, असं तन्वीचं. सगळं त्या आकड्यावर अडकलं होतं.

दहाला किशनराव बसले, मीही बसलो. शामराव मरत नव्हता. एका मोठ्या लढाईला तो निघालेला असतो. वाटेत एका गावाची विहीर आटलेली असते. गावकरी म्हणतात, थांबा, खणायला हात लावा. तो म्हणतो, आलोच परत. लढाई जिंकून परत येतो, तर सगळी दारं बंद. गाव उठून गेलेलं. विहिरीवर सुका दोर लोंबतोय. शामराव टोपी काढतो आणि विहिरीच्या काठावर बसतो. भाग संपतो.

मला चांगला वाटला. तलवार अर्धा मिनिट, पाण्याची नासाडी शून्य. मनात मी पंच्याहत्तर दिले आणि किशनरावांकडे वळलो. त्यांनी वही उघडलीच नव्हती. लाल कापडाची गाठ तशीच होती. ते उठले आणि जिना चढून गेले.

साडेदहाला बाया आल्या. आकडा नाही. दुपारी तीनला आमच्या बैठकीत गल्लीतली नऊ मुलं येऊन बसली. आकडा नाही. मंगल म्हणाली, “तुम्ही मानसशास्त्रवाले ना? जा की वर.”

गेलो. किशनराव खाटेवर बसले होते, वही मांडीवर उघडी, पान कोरं.

“काका, मुलं थांबलीत.”

“आकडा टाकायला हात धजंना, सर.”

मी स्टूल ओढून बसलो. त्यांनी पेन्सिल वहीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, “आपला जिल्हा नवा झाला तवाची गोष्ट. मीबी नवाच हुतो नोकरीत. नवा जिल्हा, नवं दप्तर, नवा शिक्का. त्या साली पाऊस न्हाई. गावाचं पीक शेहेचाळीसचं हुतं. मी सोताच्या डोळ्यानं बघितलं हुतं. आन् कागदावर बावन्न टाकले.”

“कुणी सांगितलं तसं?”

“कुणीबी न्हाई. तेच तर हाय ना. कुणी सांगितलं आसतं तर त्याच्या नावानं बोटं मोडली आसती. मलाच वाटलं, नव्या जिल्ह्यात आपल्या गावाचा पहिलाच आकडा, जरा शोभला पाहिजे. मदत बाजूच्या गावाला आली. माझ्या गावाला न्हाई. दिवाळीपासून एकेक घर बंद व्हाया लागलं. कोतवालाचं बिऱ्हाड हैदराबादला निघालं. रोज माझं दप्तर डोक्यावर घेऊन फिरायचा तो माणूस. त्याची बायको म्हणली, मामा, घराकडं ध्यान ठिवा. मी म्हणलं, हाव.”

“मग?”

“ठिवलं की. बदली हुईपर्यंत तीन वर्सं. रोज त्या दारावरून जायचो. कुणी आलं न्हाई.” त्यांनी चष्मा काढला. “शिव्या दिल्या आसत्या तर बरं झालं आसतं, सर. पन् त्यांना कुठं ठाव हुतं, आकडा कुणी टाकला ते? जाताना सगळे राम राम करून गेले.”

अशा वेळी समुपदेशकाने काय बोलावं, हे मी वर्षानुवर्षं शिकवत आलोय. त्याचे पाच टप्पे आहेत. मला एकही आठवला नाही. मी म्हणालो, “चहा ठेवू का?” आणि त्यांचा हंडा बघितला, तर तळाशी दोन पेले पाणी. मी आपला पुन्हा स्टुलावर बसलो. मला फार वाईट वाटत होतं, आणि त्या वाईट वाटण्याचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता.

“आजोबा, चार वाजायलेत.”

तन्वी दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. किशनरावांनी घाईने चष्मा लावला.

“हाव माय. पन् आज मला जमंना. तूच टाक आकडा.”

तिने वही घेतली, पेन्सिल घेतली आणि भिंतीला टेकून, जीभ बाहेर काढून, बयाजवार लिहिलं. मी डोकावून पाहिलं. भागाच्या नावाची जागा तिने कोरीच सोडली होती. खाली लिहिलं होतं, ‘तलाठी आजोबा. ४९.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “तन्वी! आजोबांना कुणी इतके कमी देतं का?”

“कमी नाहीत, बाबा,” ती मला माझ्या विद्यार्थ्यांपेक्षाही मठ्ठ समजून म्हणाली. “पन्नास दिले की एकटं बसावं लागतं.”

किशनरावांनी तिच्याकडून वही घेतली. मग त्यांनी शिक्का मारायच्या थाटात बोट पुढे केलं, जिभेला लावलं आणि त्या ४९ च्या खाली दाबून ठेवलं.

तिने त्यांचा हात धरून त्यांना खाली नेलं. बैठकीत नऊ मुलांनी सरकून मधोमध जागा केली. भाग सुरू झाला. विहिरीचा प्रसंग आला तेव्हा तन्वीने टीव्हीकडे बघितलंच नाही, ती त्यांच्याकडेच बघत होती. मी त्यांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो, आणि भाग संपेपर्यंत उठलो नाही.